आखाड्यावरचा तंबू आणि स्वतःच्या नावाची वेबसाइट

वाचकाचं पत्र: "वय ३४, परभणी जिल्ह्यात सेलूला बँकेत क्लार्क आहे. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन दोन माणसांचा तंबू मागवला. एकदाच वापरला. जुलैमध्ये येलदरी धरणाच्या काठावर लावला होता, रात्रीतून खुंट्या उपटल्या आणि आतून सगळं ओलं झालं. सुट्टी आली की रील बघून कुठंतरी निघतो आणि थकून परत येतो. फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत, पण एकही पुन्हा उघडून बघत नाही. आता जरा ठरवून जगायचं आहे. फिरायचं, रानात मुक्काम करायचा आणि त्याबद्दल स्वतःच्या वेबसाइटवर लिहायचं. जागा कोणती, सामान काय, साइट कशी करायची, खर्च किती? बायको म्हणते, 'आपल्याच शेतातल्या आखाड्यावर झोपलात तर काय बिघडलं?' सहा वर्षांची मुलगी पण यायचं म्हणते."

उत्तर:

तुमच्या पत्नी म्हणतात तेच करा. पहिले तीन मुक्काम आखाड्यावरच होऊ द्या. तंबू लावायला शिकताना जवळ विहीर, पत्र्याचं छप्पर आणि ओळखीचा सालगडी असणं ही मोठी सोय आहे. काही बिघडलंच तर पाच मिनिटांत पत्र्याखाली जाता येतं, जे येलदरीच्या काठावर मध्यरात्री शक्य नव्हतं. आणि रानात जाऊन राहणं-जेवणं आपल्याकडं नवं नाही. लातूर-धाराशिवकडं येळवशीला (वेळ अमावस्येला) घरंच्या घरं शेतात जेवायला जातात, हुरड्याच्या दिवसांत माणसं आगटीभोवती रात्र काढतात.

सुट्टी तुम्हाला थकवते, कारण कुठं जायचं हे रील ठरवतं. दर खेपेला नवी जागा म्हटली की अर्धा दिवस रस्त्यात जातो, तासभर पार्किंग आणि फोटोत, उरलेला परतीत. त्याऐवजी वर्षभरासाठी एकच जागा धरा. घरापासून मोटरसायकलवर तासा-दीड तासाच्या आत असावी आणि वर्षात पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या ऋतूंत तिथं जावं. तुमच्या भागात निवडीला तोटा नाही. वालूरची गोल वळत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे, चारठाण्याची जुनी देवळं आणि बारव आहे, जिंतूरजवळ नेमगिरीची टेकडी आणि तिथली जैन लेणी आहेत. पूर्णेवर येलदरी आहे आणि अगदी घराजवळ दुधनेवरचं निम्न दुधना धरण.

आम्हाला विचाराल तर यातलं पाणी निवडा. बारव आणि देऊळ दोन-तीन खेपांत बघून होतं. धरणाचा काठ मात्र दर दोन महिन्यांनी वेगळा असतो: पाणी कुठवर आलंय, उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर झाली का, कोणते पक्षी उतरलेत, गुरं कुठून पाण्यावर येतात, मासे धरणारे कुठं जाळी टाकतात. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधीच्या वर्षांत मांजरा धरणाचं पाणी कसं मागं सरकत गेलं, हे काठावरच्या एखाद्या माणसानं त्याच खडकाजवळ उभं राहून तारखेनिशी लिहून ठेवलं असतं, तर आज ते किती मोलाचं ठरलं असतं याचा विचार करा. असं लिहायला तज्ज्ञ असावं लागत नाही, त्याच जागी परत परत जावं लागतं. तुमच्या साइटला विषय हवा असेल तर हा आहे.

तारखाही आत्ताच धरा. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. दर दोन महिन्यांतला एक शनिवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा, मार्चअखेर आणि घरातली लग्नं सोडून. घरच्यांना ती तारीख आज माहीत झाली की ऐनवेळची ओढाताण टळते.

एक मात्र पाळा. धरणाच्या काठी दिवसा जा, मुक्कामाला आखाड्यावर या. धरणाची हद्द पाटबंधारे खात्याची असते, तिथं परवानगीशिवाय रात्र काढू नये. गौताळ्यासारख्या अभयारण्यात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते. पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच उघडी असतात. लांबच्या फेरीला कधी निघालात तर अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. पोरंबाळं घेऊन नेमक्या त्याच वारी पोचणारी कुटुंबं फार असतात.

आता तंबू. येलदरीला तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टींशी झुंजत होता, खालची काळी माती आणि आतली हवा.

काळी माती पाणी पिते, फुगते आणि इतकी मऊ होते की तंबूसोबत आलेल्या तारेसारख्या खुंट्यांना तिच्यात पकडच राहत नाही. वाऱ्याचा एक झोत आला की दोरी खुंटी घेऊनच वर येते. म्हणून जून ते सप्टेंबर काळ्या रानात तंबू लावूच नका. दिवाळीनंतर सुरुवात करा आणि जागा मुरमाड, बरड, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच अशी बघा. धरणाच्या काठची हिरवी सपाट जागा मोहात पाडते, पण तो वाळत आलेला गाळ असतो. वरून पापुद्रा घट्ट वाटतो आणि खाली पाय रुततो. नदीच्या कोरड्या पात्रात तर कधीच नको. वर पाऊस झाला किंवा धरणाचे दरवाजे उघडले तर आभाळ निरभ्र असतानाही पाणी येतं.

आखाड्याजवळ जुन्या खळ्याची चोपलेली जागा असेल तर ती उत्तम, पण तिथं बारीक खुंट्या वाकतात. वेल्डिंगवाल्याकडून ८ मिलिमीटर सळईच्या १० इंची बारा खुंट्या करून घ्या, एक टोक घासून अणकुचीदार आणि दुसरं आकड्यासारखं वाकवलेलं. खुंटी सरळ खाली ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं असावं, म्हणजे दोरीचा ताण तिला बाहेर ओढण्याऐवजी मातीत आणखी रुतवतो. खाली कातळ लागला तर खुंटीचा हट्ट सोडा. खताच्या रिकाम्या गोणीत दगड-माती भरा आणि दोरी तिला बांधा. तंबूच्या बाजूंना लोंबणाऱ्या दोऱ्या बहुतेक जण बांधतच नाहीत, त्या सगळ्या बांधा. वरचं कापड ताणलेलं राहून आतल्या तंबूपासून सुटं राहतं ते त्यांच्यामुळंच.

ओल सगळी पावसाची नव्हती. दोन माणसं रात्रभर श्वासातून बरीच वाफ सोडतात. ती थंड कापडाला लागली की पाणी होऊन ओघळते. पावसाच्या भीतीनं तुम्ही सगळ्या चेन गच्च लावल्या असणार. वरच्या झडपा नेहमी उघड्या ठेवा आणि दाराची जाळी बंद ठेवून बाहेरच्या पडद्याची चेन वरून वीतभर उघडी ठेवा. अंथरूण कापडाला टेकू देऊ नका. दुसरं कारण बहुधा खालची ताडपत्री. ती तंबूच्या तळापेक्षा मोठी असली की बाहेर आलेल्या भागावर पडलेलं पाणी आत सरकून थेट तुमच्या पाठीखाली साचतं. ताडपत्री चारही बाजूंनी दोन-दोन इंच लहान कापा. परत आल्यावर तंबू सावलीत पूर्ण वाळवूनच घडी घाला. ओला गुंडाळून माळ्यावर टाकला तर बुरशी धरते आणि आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटतो. दोन वर्षं पडून असलेला तुमचा तंबू आधी गच्चीवर लावून बघा, वरून बादलीनं पाणी ओता आणि शिवणी कुठं पाझरतात ते खडूनं खुणा करून ठेवा. तिथं शिवणीचा डिंक (सीम सीलर) लावता येतो.

परभणीची थंडी तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो आणि थंडी पांघरुणातून जितकी लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते. महागडी स्लीपिंग बॅग घ्यायची घाई नको. खाली फोमची चटई, तिच्यावर दोन वाकळी (गोधड्या), अंगावर एक वाकळ आणि कानटोपी एवढं पुरतं. वाकळी कमी असतील तर जास्तीची अंगावर घेण्याऐवजी खाली घाला.

हिवाळ्यात सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणून साडेचारला जागेवर पोचा. आखाडा स्वतःचा असला तरी शेजारच्या शेतकऱ्यांना आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी कळवा. रात्री अनोळखी बॅटरी हलताना दिसली की गावात संशय येतो आणि तो रास्त असतो. शेजाऱ्यांना विचारायची अजून एक गोष्ट, जी बाहेरचे लोक कधीच विचारत नाहीत: रानडुकरांसाठी कुणी कुंपणात करंट सोडलाय का? अंधारात बांध ओलांडताना हा धोका सापाइतकाच लक्षात ठेवा. शौचाला जायची वाट उजेडात ठरवून घ्या आणि रात्री तीच वापरा.

सापांचं म्हणाल तर मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात. म्हणून तंबूची जाळी आत शिरताच बंद करायची, बूट आत घ्यायचे आणि घालताना झटकायचे. कडब्याची गंजी, दगडांचा ढीग, उंदरांची बिळं यांच्यापासून लांब झोपा. दंश झाला किंवा नुसती शंका आली तरी जखम कापायची नाही, घट्ट बांधायचं नाही, मांत्रिकाकडं वेळ घालवायचा नाही. १०८ला फोन करा आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. तुमच्या आखाड्यापासून असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे जाण्याआधीच विचारून ठेवा.

मार्च ते मे आणि परतीच्या पावसात वीज हा मराठवाड्याच्या रानातला मोठा धोका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर घ्या. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की तंबू सोडा. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथंच थांबा. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही, माळावरचं एकटं झाड तर जीवच घेतं.

स्वयंपाकात फार गुंतू नका. पहिल्या खेपेला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही. धपाट्याच्या पिठात कांदा घालू नका, म्हणजे ते दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात. पाणी माणशी ५ लिटर धरा. विहिरीचं असेल तर खळखळून एक मिनिट उकळा. चूल करायचीच तर गंजी आणि कुटारापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, भोवतीचं वाळलं गवत काढून करा. पऱ्हाट्या आणि तुराट्या भरकन पेटतात, पण निखारा धरत नाहीत. चहा होतो, भात शिजायला बाभळीचं लाकूड लागतं. झोपण्याआधी राखेवर पाणी ओता, काडीनं ढवळा, परत ओता आणि हात जवळ नेऊन बघा. तंबूत किंवा त्याच्या ओसरीत गॅस, शेगडी, निखारे काहीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो.

अकरा हजार फोटोंचा प्रश्न मुक्कामाच्या रात्रीच सोडवायचा. विजांचे दिवस सोडले तर फोन प्लेन मोडवर ठेवा, अडीअडचणीला लागेल म्हणून चार्ज पूर्ण असू द्या. एका खेपेला वीसच फोटो काढायचे आणि त्यातला एक दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेला. बाकी खिशातल्या वहीत. झोपताना पाच ओळी आणि उठल्यावर पाच ओळी: वारा कुठून, पाणी कोणत्या खडकापर्यंत, रानात काय उभं आहे, कुणाशी काय बोलणं झालं, काय ऐकू आलं. "छान वाटलं" लिहू नका, सहा महिन्यांनी त्यातून काही आठवत नाही. "हरभऱ्याला घाटे धरलेत, पहाटे दव इतकं की बुटातून मोजे ओले" असं लिहिलं की सगळी सकाळ परत समोर येते. साइटवर जायचं लिखाण या वहीतूनच निघतं.

साइटसाठी वर्डप्रेस घेऊ नका. वर्षाला सहा पानं लिहिणाऱ्याला ते जड होतं. त्याचे प्लगइन, म्हणजे वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, सतत अद्ययावत करावे लागतात, आणि दुर्लक्ष झालं की साइट हॅक होते. साध्या एचटीएमएलची पानं लॅपटॉपवरच्या नोटपॅडमध्ये लिहिता येतात आणि कुणी हात लावला नाही तरी वर्षानुवर्षं चालतात. ती गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेवता येतात. खर्च फक्त स्वतःच्या नावाच्या डोमेनचा म्हणजे साइटच्या पत्त्याचा, वर्षाला साधारण पाचशे ते दीड हजार रुपये. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी बघा. आणि डोमेन स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डानं घ्या. "करून देतो" म्हणणाऱ्या भाच्याच्या खात्यावर घेतलेली डोमेनं भाचा पुण्याला नोकरीला गेला की हातची जातात.

मराठी पान बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. मजकूर युनिकोडमध्येच टंका. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर साइटवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतो. पानाच्या सुरुवातीला अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याची ओळ हवी, नाहीतर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र खुणा उमटतात. तिथंच मोबाइलच्या रुंदीची म्हणजे व्ह्यूपोर्टची ओळ नसली तर फोनवर अक्षरं मुंगीएवढी येतात. अक्षरं १८ ते २० पिक्सेल आणि ओळींची उंची १.७ ठेवा. इंग्रजीला पुरणारी उंची मराठीला पुरत नाही, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोहही टाळा, फोनच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. फॉन्ट वेगळा जोडायची गरज नाही, अँड्रॉइड फोनमध्ये नोटो देवनागरी आधीच असतो.

"माझ्या लॅपटॉपवर फोटो दिसतो, साइटवर दिसत नाही" ही तक्रार तुमचीही होणार. कारण बहुतेक वेळा एकच असतं. कॅमेरा फाइलच्या नावाचं शेपूट (जेपीजी) कॅपिटल अक्षरांत लिहितो आणि तुम्ही पानात स्मॉल लिहिता. विंडोजला दोन्ही सारखंच, सर्व्हरला नाही. सगळी नावं स्मॉल रोमन अक्षरांत, मध्ये रिकामी जागा न सोडता, जागा-वर्ष-महिना अशी ठेवा. पहिल्या पानाच्या फाइलचं नाव index.html असंच हवं. फोनमधला ४-५ एमबीचा फोटो तसाच चढवू नका. १२०० पिक्सेल रुंद आणि ८०च्या आसपास गुणवत्तेचा केला की तो बहुतेक वेळा ३०० केबीच्या आसपास येतो आणि वाडी-तांड्यावरच्या नेटवरही उघडतो.

रचनेत डोकं घालू नका. तुमच्या जागेचं एक मुख्य पान आणि त्यावर प्रत्येक खेपेच्या पानाचा दुवा, तारखेसह. खेपेच्या पानावर तीनशे ते पाचशे शब्द, त्याच जागेवरचा तो ठरलेला फोटो आणि पाण्याची नोंद. जुनं पान खोडून नवं लिहू नका, चुकलं असेल तर खाली तारीख टाकून दुरुस्ती जोडा. लाइक आणि प्रतिक्रियांची सोय नकोच, खाली ईमेल द्या. आधी साइटवर टाका आणि मग व्हॉट्सॲपवर दुवा पाठवा, म्हणजे मूळ प्रत कायम तुमच्याकडं राहते. अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि पानांचे पत्ते जुनी वेबपानं साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशिनमध्येही जतन करून ठेवा.

काय टाकू नये हेही ठरवा. मुक्कामाची बातमी परत आल्यावर द्या, तिथं असताना नाही. फोटोत दडलेली जीपीएसची नोंद काढून मगच चढवा. घुबडाचं घरटं किंवा शेतात उघड्यावर पडलेली जुनी मूर्ती नेमकी कुठं आहे हे लिहू नका, दोन्हींचे चोर आहेत. कुणाचा फोटो घेतला तर तो त्यांना दाखवा, कुठं टाकणार ते सांगा आणि हो म्हटलं तरच टाका. शेतात काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर हे सोडूच नका.

मुलीला दुसऱ्या खेपेपासून न्या, पहिल्या खेपेला तंबूचं गणित तुम्हाला जमू द्या. तिला स्वतःची बॅटरी, स्वतःची छोटी वही आणि एक ठरलेलं काम द्या. मुक्कामाच्या जागी दोरीवर गाठी मारून पाणीमोजणी करायला सहा वर्षांच्या मुलीला आवडतं: विहिरीत दगड बांधलेली दोरी तुम्ही सोडा, कठड्यापासून पाण्यापर्यंत हातभर अंतरावरच्या किती गाठी गेल्या ते तिनं मोजावं आणि वहीत लिहावं. कठड्याजवळ तिचा हात मोठ्यांच्या हातात हवा. तिनं काढलेलं चित्र साइटवर जरूर टाका, पण तिचं पूर्ण नाव, शाळा आणि चेहरा नको. ते टाकायचं की नाही हे ती मोठी झाली की ठरवेल.